केबिन नंबर नऊ

गेल्या वर्षी जूनमधल्या एका मंगळवारी दुपारी स्वयंपाकघरातल्या टेबलावर माझा लॅपटॉप उघडा होता, शेजारी धाकट्याची अपूर्णांकांची वही पसरलेली होती आणि शेगडीवरच्या कुकरची दुसरी शिट्टी व्हायची होती. पडद्यावर जुलैअखेरच्या शिबिराची यादी होती. कोणत्या कुटुंबाला कोणती केबिन, कुणाबरोबर तान्हे बाळ आहे म्हणून खालचा पलंग, कुणाला शेंगदाणा चालत नाही, कुणाला गहू, पोहता येणारी मुले किती आणि न येणारी किती, अशा बारा-तेरा रकान्यांतून मी वर-खाली फिरत होते. तेवढ्यात फोनवर एक निरोप आला. पाठवणारी माझ्या चांगल्या ओळखीची होती. आधीच्या दोन्ही शिबिरांना ती नवरा आणि चार मुलांसह आली होती आणि दोन्ही वेळा त्यांनी नऊ नंबरची केबिन मागून घेतली होती, कारण तिच्या खिडकीतून तळे दिसते. तिने लिहिले होते की नवऱ्याची नोकरी गेल्यापासून तिने रुग्णालयातली रात्रपाळी पुन्हा धरली आहे, सहा वर्षे घरी शिकवल्यानंतर आता ऑगस्टअखेरीपासून चारही मुले गावातल्या सरकारी शाळेत जातील, आणि शेवटी एकच ओळ होती: ‘तरीही आम्ही शिबिराला येऊ शकतो का?’

मी उत्तर पाठवले, ‘समितीला विचारून कळवते.’

त्या उत्तरात खोटे काही नव्हते. शिबिराचे नाव कॅथलिक होमस्कूल कुटुंब शिबिर असे आहे, जागेच्या मालकाशी झालेल्या करारात तेच नाव आहे, विम्याच्या कागदावरही तेच आहे, आणि सहा जणांच्या समितीत एकटीने काही ठरवायचे नाही हा नियम मीच आग्रहाने करवून घेतला होता. तरी कुकर उतरवताना, वहीतले चुकलेले उदाहरण पुन्हा सोडवून घेताना, रात्री आईच्या पायांना तेल लावतानासुद्धा ती ‘तरीही’ मला सारखी दिसत राहिली. सहा वर्षे जिच्या मुलांचे वाढदिवस आम्ही केले, जिच्याकडून माझी मोठी मुलगी लोकर विणायला शिकली, तिला ‘येऊ का’ असे विचारावे लागले होते, आणि मी तिला थांबायला सांगितले होते. समितीची बैठक शनिवारी होती. म्हणजे चार दिवस.

होमस्कूलिंग करणाऱ्या कुटुंबांना शिबिर कशासाठी लागते, असे मला वसईहून फोनवर अनेकांनी विचारले आहे. मुले दिवसभर घरीच असतात, आईवडील बरोबर असतात, मग वेगळे कुटुंब शिबिर कशाला? या प्रश्नाचे उत्तर आम्ही राहतो त्या अमेरिकेतल्या पेनसिल्वेनिया राज्याच्या कॅलेंडरमध्ये आहे. इथला होमस्कूलिंगचा कायदा १९८८चा आहे आणि तो आम्हाला वर्षभर एका लयीत चालवतो. दरवर्षी १ ऑगस्टच्या आत शाळाखात्याकडे शपथपत्र द्यायचे, वर्षात १८० दिवस किंवा प्राथमिक वर्गांसाठी ९०० तास शिकवायचे, काय वाचले आणि काय लिहिले याची नोंद आणि नमुने एका फायलीत ठेवायचे, ती फाइल पात्र शिक्षकाला दाखवून मुलाशी त्याचे बोलणे करून द्यायचे आणि त्याचे प्रमाणपत्र ३० जूनच्या आत पोचवायचे. मे-जूनमध्ये आम्ही सगळ्या जणी थकलेल्या असतो. घरी शिकवणाऱ्या आईला शिक्षकांची खोली नसते, मधल्या सुट्टीत ‘आज माझे काही जमले नाही’ असे जिच्याजवळ म्हणावे अशी सहकारी नसते. ३० जून आणि १ ऑगस्ट यांच्या मधल्या त्या महिन्यात आम्ही शिबिर ठेवतो. जुने वर्ष मिटलेले असते, नव्याची सही व्हायची असते, आणि त्या फटीत पाच दिवस कुणीतरी आपल्या मुलाला हाक मारावी आणि आपण कुणाच्या तरी मुलाला जेवायला वाढावे, एवढीच खरी गरज असते.

मी स्वतः शाळेच्या घरात वाढले. माझे बाबा वसईत धर्मग्रामाच्या, म्हणजे तिथल्या चर्चच्या, शाळेत एकतीस वर्षे शिकवत होते. त्यांच्या वर्गात साठ-पासष्ट मुले असत आणि हजेरीपुस्तक न उघडता ते सगळ्यांची नावे क्रमाने म्हणत. २०२०च्या वसंतात शाळा बंद झाल्या, मुले घरी आली आणि शरद आला तेव्हा आम्ही त्यांना परत पाठवायचे नाही असे ठरवले. तो निर्णय मी बाबांना फोनवर सांगितला तेव्हा ते बराच वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी इतकेच विचारले, ‘मग त्यांच्या बाकावर शेजारी कोण बसणार?’ मी त्यांना पुस्तकांची यादी वाचून दाखवली, लॅटिनचा वर्ग ऑनलाइन आहे ते सांगितले, मुलगी आता किती वाचते ते सांगितले. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि शाबासकीही दिली. पण ते विचारत होते बाकाबद्दल, आणि त्याचे उत्तर मी दिलेच नाही. ते गेले त्याला आता तीन वर्षे झाली. शिबिराची पहिली बैठक आमच्या घराच्या तळघरात झाली ती त्यानंतरच्या हिवाळ्यात. बाबांच्या प्रश्नामुळेच मी ती बोलावली, असे मी तेव्हा कुणाला सांगितले नव्हते.

पेनसिल्वेनियात कॅथलिक म्हणून होमस्कूलिंग करण्यात आणखी एक अडचण आहे, आणि ती मनाची आहे. हे राज्य संत जॉन न्यूमन यांचे आहे. १८५२ ते १८६० या काळात ते फिलाडेल्फियाचे बिशप होते, आणि साऱ्या धर्मप्रांताच्या शाळांची एकत्र व्यवस्था या देशात पहिल्यांदा त्यांनी लावली. पुढे १८८४मध्ये बाल्टिमोरला भरलेल्या अमेरिकन बिशपांच्या तिसऱ्या महासभेने प्रत्येक चर्चजवळ शाळा असावी असे ठरवले ते याच वाटेने. स्थलांतरितांची गरीब मुले, त्यांना शिकवणाऱ्या धर्मभगिनी, रविवारच्या दानपेटीतल्या नाण्यांतून उभ्या राहिलेल्या विटांच्या इमारती, हे सगळे इथल्या प्रत्येक जुन्या गावात आजही दिसते. त्यांतल्या कित्येक इमारतींना आता कुलूप आहे. ज्या संताने शाळा उभारल्या त्याच्याच राज्यात आम्ही मुलांना शाळेतून काढले, आणि ५ जानेवारीला त्याच्या सणाच्या दिवशी आमच्या घरात त्याच्या नावाने मेणबत्तीही लागते. मला यात विसंगती वाटत नाही, पण ऋण वाटते. बाबांसारख्या माणसांनी साठ-साठ मुले सांभाळली म्हणून मला माझी दोन मुले घरी शिकवण्याचे बळ आले.

शनिवारच्या बैठकीत त्या निरोपावर चर्चा झाली. जे बोलले गेले त्यातले बरेचसे मला पटले होते, हे इथे नोंदवले पाहिजे, कारण समितीतले कुणीही कठोर मनाचे नाही. पाच मुलांची एक आई म्हणाली की तिच्या मुलीला वर्षभर दुकानात, दवाखान्यात, नातेवाइकांत एकच प्रश्न ऐकावा लागतो, ‘आज शाळा नाही का?’ आणि हे पाच दिवसच असे आहेत की तो प्रश्न कुणी विचारत नाही. एका वडिलांना काळजी होती की एका कुटुंबाला हो म्हटले की उरलेल्या जागांसाठी कुणाला नाही म्हणणार. दुसऱ्या एकीने विम्याचा कागद काढून वाचला. तासभर हे चालले, मग सगळ्यांनी एकमताने हो म्हटले, प्रार्थना झाली आणि आम्ही उठलो. रविवारी मिस्सेनंतर, म्हणजे चर्चमधल्या उपासनेनंतर, गाडीतच बसून मी तिला लिहिले की तुम्ही जरूर या, नऊ नंबर तुमचाच आहे. संध्याकाळी उत्तर आले. तिने आभार मानले होते, आणि दरम्यान त्या आठवड्याचे दुसरे काही ठरले असल्याचे कळवले होते. मुलांना आमच्या मुलांची आठवण सांगते, असेही होते. कुठेही राग नव्हता. राग असता तर मला समजूत घालता आली असती.

शिबिराची तयारी मात्र थांबत नाही. लॉरेल हायलँड्सच्या डोंगरात एक जुनी जागा आम्ही भाड्याने घेतो. चौदा केबिन, एक मोठी जेवणघराची इमारत, एक तळे आणि देवदारांखाली ओंडक्यांचे अर्धवर्तुळ. पैसे माणशी घ्यायचे नाहीत, केबिनमागे घ्यायचे, हा आमचा पहिल्या वर्षीचा सर्वांत चांगला निर्णय होता. कॅथलिक होमस्कूलिंगच्या जगात सात मुलांचे घर विशेष मानले जात नाही, आणि माणशी दर लावला की सर्वांत आधी तेच घर गळते. धर्मगुरूंसाठी त्यांच्या वरिष्ठांचे पत्र आधी मागवावे लागते, उघड्यावर मिस्सा करायची तर तशी परवानगी घ्यावी लागते, वेदी म्हणून जे टेबल वापरायचे ते भक्कम असावे लागते, कारण ओंडक्यांच्या भूमीवर एक पाय नेहमी अधांतरी राहतो. कम्युनियनच्या, म्हणजे मिस्सेत पवित्र भाकर घेण्याच्या, आधी एक तास उपास असतो, ही गोष्ट चर्चमध्ये कधी जाणवत नाही, पण शंभरावर माणसांची न्याहारी आणि मिस्सा एकाच सकाळी बसवायची असली की सगळे वेळापत्रक त्या एका तासाभोवती फिरते. पहिल्या वर्षी मिस्सा साडेसातला ठेवली तर दोन-तीन वर्षांची पोरे भुकेने रडू लागली. दुसऱ्या वर्षी अकराला ठेवली तर ऊन डोक्यावर आले. आता ती संध्याकाळी पाचला असते, तळ्यावरून वारा सुटायच्या वेळी, आणि त्या वाऱ्यात मेणबत्त्या टिकत नाहीत म्हणून दोन मोठी मुले हाताचा आडोसा करून वेदीशी उभी राहतात. त्यांची बोटे उजेडात लाल दिसतात. कुणी शिकवले नाही, पहिल्या संध्याकाळी ती आपण होऊन उभी राहिली.

मोठ्या माणसांची कागदपत्रे हा सर्वांत जड भाग. मुलांच्या संपर्कात येणाऱ्या प्रत्येक स्वयंसेवकाला इथे पोलिसांची पडताळणी आणि बाल अत्याचार नोंदवहीची पडताळणी लागते, आणि ज्याला राज्यात सलग दहा वर्षे झालेली नाहीत त्याला बोटांचे ठसे देऊन एफबीआयची पडताळणीही लागते. आम्ही २०१७मध्ये इथे आलो, त्यामुळे ठसे मला द्यावे लागले. काचेवर बोट फिरवून घेणाऱ्या त्या मुलीने माझ्या उजव्या हाताची चार बोटे तीनदा पुसली, कारण ठसा उमटत नव्हता. भांडी घासून आणि मसाले वाटून रेषा पुसट होतात, असे ती सहज म्हणाली. काही वडील या कागदांवर नाराज असतात. आपल्याच मुलांबरोबर आपण जातो तर हे कशाला, असे त्यांना वाटते. मी त्यांच्याशी या एका बाबतीत कधीही नमते घेत नाही. २०१८च्या ऑगस्टमध्ये या राज्यातल्या सहा धर्मप्रांतांविषयीचा ग्रँड ज्युरीचा अहवाल प्रसिद्ध झाला, पिट्सबर्ग त्यांतच होते, आणि तीनशेहून अधिक धर्मगुरूंवरचे बाल लैंगिक अत्याचारांचे आरोप त्यात होते. तो वाचलेल्या आईला कागद कधी जास्त वाटत नाहीत. दार कुठे घट्ट लावायचे आणि कुठे सताड उघडायचे, हे दोन्ही शिबिर घेणाऱ्याला एकाच वेळी करावे लागते. मी त्या मंगळवारी चुकीच्या दाराशी उभी होते.

आमच्या वाडीत मे महिन्यात रोज संध्याकाळी क्रुसापाशी जपमाळ होत असे. त्याची यादी नव्हती. दिवस कलला की कुणीतरी क्रुसाच्या चौथऱ्यावर मोगऱ्याच्या माळा ठेवी, पोरे बावखलातून पोहून ओल्याच अंगाने येत, केळीच्या बागेला पाणी लावून दमलेले पुरुष फडक्याने मान पुसत मागे उभे राहत, आणि जपमाळ संपली की ज्या घराची पाळी असेल त्या घरची बाई चणे किंवा सुकेळीचे तुकडे वाटे. वाळलेल्या केळीच्या पानात बांधलेल्या त्या सुकेळीला धुराचा आणि मधाचा असा एकत्र वास असे आणि ती दाताला चिकटे. कोण शाळेत जाते, कोण नापास होऊन वडलांबरोबर शेतावर जाऊ लागला, कोण मुंबईला कॉन्व्हेंटात आहे, हे सगळ्यांना ठाऊक असे. चणे मात्र सगळ्यांना सारखेच मिळत. हे सगळे गोड होते असे मी म्हणणार नाही. त्याच क्रुसापाशी कुणाच्या लग्नावरून, कुणाच्या बांधावरून किती भांडणे झाली तीही मला आठवतात. पण ‘आम्ही येऊ का’ असे विचारलेले मी तिथे कधी ऐकले नाही. जे नाव लिहून घ्यावे लागत नाही ते खोडताही येत नाही.

इथे मात्र लिहूनच घ्यावे लागते, कारण कुटुंबे चार-चार तासांच्या अंतरावरून येतात आणि त्यांच्यात साम्य म्हणावे असे फार थोडे असते. बुधवारी दुपारी गाड्या आल्या तेव्हा त्यांतून लांब झगे आणि डोक्यावर जाळीचे रुमाल घेतलेल्या मुली उतरल्या, तशाच अर्ध्या चड्डीतल्या आणि पायात रबरी चपला घातलेल्याही उतरल्या. काही घरे जुन्या लॅटिन मिस्सेची आहेत आणि २०२१मध्ये तेव्हाचे पोप फ्रान्सिस यांनी तिच्यावर घातलेल्या मर्यादांचे दुःख ती अजून वागवतात. काही घरे गिटारवर गाणारी आहेत. जेवणापेक्षा, झोपण्यापेक्षा, पैशापेक्षा गाण्यांची यादी ठरवणे अवघड जाते. दोन्ही बाजूंना मान्य असे एकच गीत आम्हाला सापडले आहे, ते म्हणजे रात्रीच्या प्रार्थनेनंतरचे मरियामातेचे लॅटिन गीत ‘साल्वे रेजिना’. त्याचे कागद आम्ही वाटतो. पहिल्या रात्री शेकोटी विझत आली होती, डोंगरातला गारवा उतरला होता आणि आई माझी शाल पांघरून ओंडक्यावर बसली होती. तिला इंग्रजी प्रार्थना येत नाहीत, म्हणून ती सारा वेळ ओठ मिटून ऐकत होती. सूर लागला आणि तिने हातातला कागद न उघडता, डोळे मिटून, पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत लॅटिनमध्ये म्हटले. १९४८चा तिचा जन्म. मिस्सा मराठीत येईपर्यंत ती सोळा-सतरा वर्षांची झाली होती, आणि तोवर वसईच्या चर्चमध्ये ती हेच गात असे. माझ्या उभ्या आयुष्यात तिच्या तोंडून मी ते कधी ऐकले नव्हते. जाळीचा रुमाल घेतलेली एक बारा वर्षांची मुलगी तिच्याकडे वळून पाहतच राहिली, आणि दुसऱ्या रात्री ती आईच्या शेजारी येऊन बसली.

गुरुवारी एका वडिलांनी मोठ्या मुलांना १९२५च्या पिअर्स खटल्याची गोष्ट सांगितली. ऑरेगन राज्याने १९२२मध्ये प्रत्येक मुलाने सरकारी शाळेतच गेले पाहिजे असा कायदा केला, तिथल्या धर्मभगिनींनी त्याला आव्हान दिले, आणि मूल हे निव्वळ राज्याची निर्मिती नव्हे असे म्हणत सर्वोच्च न्यायालयाने एकमताने तो कायदा रद्द ठरवला. होमस्कूलिंग करणारे लोक हा खटला अभिमानाने सांगतात. गोष्ट संपल्यावर तेरा वर्षांच्या एका मुलाने विचारले, ‘पण त्या सिस्टर तर शाळा चालवत होत्या ना? मग त्या शाळेसाठी लढल्या की घरासाठी?’ वडील थांबले आणि म्हणाले, ‘आईवडिलांना ठरवू द्यावे म्हणून लढल्या.’ मी मागे उभी राहून मक्याची कणसे सोलत होते. व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी शिक्षणावरचे जे घोषणापत्र काढले, त्यात आईवडील हे मुलांचे पहिले आणि मुख्य शिक्षक आहेत असे म्हटले आहे. आमच्या माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर ते वाक्य मीच घातले होते. त्यात घरी शिकवणारे आईवडील असे म्हटलेले नाही. रात्रपाळी करून सकाळी मुलांचे डबे भरणारी, त्यांना शाळेच्या पिवळ्या बसपर्यंत सोडून मग झोपणारी, रविवारी डोळे चोळत त्यांना मिस्सेला आणणारी आई त्या वाक्यात आहेच. तिने मुलांसाठी ठरवले होते. ज्या हक्काची गोष्ट आम्ही शेकोटीभोवती सांगत होतो तोच हक्क तिने वापरला होता, आणि तो वापरल्यावर तिला आमच्या दाराशी थांबावे लागले होते.

शुक्रवारी मांस नसते, म्हणून मी आणि आईने मसुराची आमटी आणि भात केला. एवढ्या माणसांची आमटी मी कधी केली नव्हती. आईने पातेल्याच्या कडेवर कालथा आपटून दाट-पातळ ठरवले आणि चव न घेता वासावरून मीठ घातले. शनिवारी २६ जुलै, संत जोआकिम आणि संत ॲना यांचा सण, येशूच्या आजी-आजोबांचा. शिबिरात आलेल्या पाच आजी-आजोबांना मुलांनी रानफुलांचे मुकुट केले. संध्याकाळी संतांच्या वेशात यायचे होते, आणि आईने चादरीतून शिवलेला तपकिरी झगा घालून माझा मुलगा गोन्सालो गार्सिया झाला. ‘मी वसईचा,’ असे त्याने इंग्रजीत सुरू केले, आणि १५९७मध्ये नागासाकीला क्रुसावर मरण पत्करलेल्या त्या फ्रान्सिस्कन बंधूची गोष्ट सांगताना वसईचा उच्चार मात्र त्याने आजीसारखा केला. समोर बसलेल्यांतल्या फारच थोड्यांना वसई कुठे आहे ते माहीत असेल. आई मुकुट घातलेल्या डोक्याने टाळ्या वाजवत होती.

त्या रात्री दिवे मालवल्यावर मी टॉर्च घेऊन केबिनची फेरी मारायला निघाले. पावलांखाली देवदाराच्या सुया होत्या, त्यामुळे चालण्याचा आवाज होत नव्हता. नऊ नंबर आम्ही कुणालाही दिली नव्हती. दिवसा मुले तिथे ओले टॉवेल वाळत टाकत, म्हणून आत तळ्याच्या पाण्याचा आणि जुन्या लाकडाचा वास कोंडला होता. सहा निळ्या गाद्या उघड्या पडल्या होत्या. त्यांचे प्लास्टिक टॉर्चच्या उजेडात चकाकले. खिडकीजवळच्या वरच्या पलंगाच्या तुळईवर मार्करने चार नावे लिहिलेली होती, एकाखाली एक, वयाच्या क्रमाने, आणि सर्वांत खालचे नाव लिहिणाऱ्याला तेव्हा एक अक्षर उलटे लिहायची सवय होती. नावांपुढे दोन वर्षांचे आकडे होते. तिसऱ्यासाठी जागा सोडलेली होती. मी बराच वेळ तिथे उभी होते. मागून आई आली. तिला अंधारात झोप लागत नव्हती. मी तिला पहिल्यांदाच सगळी हकिकत सांगितली: निरोप, बैठक, विम्याचा कागद, चार दिवस.

‘अगं बाय,’ आई म्हणाली, ‘ये म्हणायला कमिटी कशाला लागते?’

मी तिला करार आणि नाव आणि जागा यांविषयी सांगू लागले. तिने मला थांबवले नाही. माझे संपल्यावर ती खालच्या पलंगावर बसली, हाताने गादी सारखी केली, जशी ती पाहुणा यायच्या आधी करते, आणि बाबांची एक आठवण सांगू लागली. बाबांच्या वर्गातला एक मुलगा वडील वारल्यावर शाळा सोडून भाजीच्या टोपल्या घेऊन पहाटे मुंबईच्या गाडीने जाऊ लागला. शाळेची सहल निघाली तेव्हा बाबा त्याच्या घरी जाऊन त्याला घेऊन आले. कुणी विचारले की हा आता आपला विद्यार्थी कुठे आहे, तर बाबा म्हणाले की त्याचे नाव अजून मला क्रमाने येते. एवढेच. आईने ती गोष्ट मला शिकवण्यासाठी सांगितली नाही. तिला बाबांची आठवण आली होती, आणि अंधारात ती येतच राहते. आम्ही दोघी काही वेळ तिथेच बसलो. बाहेर तळ्यावर बेडूक ओरडत होते, आमच्या बावखलातल्यासारखेच. फक्त इथल्यांचा आवाज जरा खोल होता.

नोव्हेंबरात आई परत गेली. जानेवारीत समितीची पहिली बैठक झाली, तेव्हा मी मांडले की फॉर्मवरचा ‘किती वर्षे होमस्कूलिंग करता?’ हा प्रश्न काढून टाकावा. विम्यासाठी नाव तेच राहू द्यावे, पडताळणीचे कागद तेच राहू द्यावेत, पण एकदा आलेल्या घराला पुन्हा विचारावे लागू नये. ज्या आईने मुलीला ऐकाव्या लागणाऱ्या प्रश्नाबद्दल सांगितले होते तीच सर्वांत आधी हो म्हणाली, आणि म्हणाली की मुलीने शिबिराहून येताना गाडीत विचारले होते, नऊ नंबरवाले का आले नाहीत. तिलाही त्याचे उत्तर देता आले नव्हते.

फॉर्म बदलला, पण फॉर्म तिला पाठवण्यात अर्थ नव्हता. मी पत्र लिहिले, हाताने, दोन पानी. जूनमध्ये मी जे लिहिले ते चूक होते, एवढे पहिल्या परिच्छेदात लिहिले आणि त्याला कारण जोडले नाही. मग मुलांची शाळा कशी चालली आहे ते विचारले, रात्रपाळीनंतर झोप मिळते का ते विचारले, आणि तुळईवरच्या चार नावांविषयी लिहिले. शेवटी यंदाच्या तारखा लिहिल्या. ‘जमल्यास’ हा शब्द लिहून मग खोडला, आणि खोडलेला दिसू नये म्हणून दुसरे पान पुन्हा लिहून काढले. लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासकाळाच्या, पहिल्या आठवड्यात ते टपालात टाकले. उत्तर अजून आलेले नाही. यादीत चौदांपैकी अकरा केबिन भरल्या आहेत, काल एका नव्या कुटुंबाने तळ्याच्या बाजूची मिळेल का असे विचारले, आणि मी त्यांना बारा नंबर दिली.